देवाचं वजन विचारू नये

"देवाचं वजन किती?" मी विचारलं.

सभामंडपात बसलेल्या सतरा-अठरा माणसांनी एकदम माझ्याकडे बघितलं. एकाने तर विडी विझवली. मी हातात मेजरिंग टेप घेऊन उभा होतो, आणि काहीतरी भलतंच बोलून गेलोय एवढं मला कळलं होतं. काय बोललो ते मात्र कळलं नव्हतं.

"मिस्त्रीनू," आबा परब शेवटी म्हणाले. हे गावचे मुख्य मानकरी, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. "तुमी कोल्लापूरचे. पावणे आसात. म्हणान ह्या एकदा माफ. देवाचा वजन करूचा नसता."

"करायचं नाही ओ. अंदाज सांगा नुसता. दहा किलो? वीस? वजन कळल्याबिगर स्प्रिंग लावायची कशी?"

"देव कधी हलको आसता, कधी जड," कोपऱ्यातून सोनू गुरव म्हणाले. सत्तरीचे, काटकुळे, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेले. "तेच्या मनात आसात तसो."

धंद्यात मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. दगडधोंड्यांत पळवायच्या गाड्यांचे शॉकअप जुळवून देणं हा माझा धंदा. नव्वद किलोचे बिल्डर, पन्नास किलोची पोरं, पोटाला बांधून टाइल्स नेणारा एक इसम, सगळ्यांच्या गाड्या मी बसवून दिल्या होत्या. पण मनात येईल तसं वजन बदलणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं.

मला इथे आणलं होतं दिगूने. दिगू परब, आबांचा पुतण्या, वय सव्वीस. कोल्हापूरच्या मातीतल्या शर्यतींत तो माझ्या शॉकअपवर दोनदा दुसरा आला होता. फोनवर म्हणाला, "बोंद्रेदादा, सड्यावरून एक फेरी मारायचीय. मागे बसणारा जरा स्पेशल आहे." मला वाटलं, लग्न ठरलं वाटतं पोराचं.

मागे बसणारा निघाला आंबेखोलचा ग्रामदेव, माळनाथ.

हकिगत अशी होती. दर चैत्रात माळनाथ सड्यापलीकडच्या सातवण गावात बहिणीला, डोंगरजाईला भेटायला जातो. एक रात्र राहतो, दुसऱ्या दिवशी परत. मधला सडा म्हणजे सात किलोमीटर नुसता कातळ, काळा-तांबडा, भोकाभोकांचा, पायाला करवतीगत लागणारा. पालखीला आठ भोई लागतात, तेही अनवाणी. म्हणून कातळ तापायच्या आत, डोक्यावर ऊन यायच्या आधी पोचायचं. आदल्या वर्षी आठांच्या जागी पाचच भोई मिळाले. पाचांचं वय मिळून तीनशे वीस. मधल्या घळीत पालखी पडली, देवाच्या चांदीच्या मुखवट्याचं नाक चेपलं आणि देव अर्ध्या वाटेवरून घरी आला. गावाची रीत अशी की भेट लागोपाठ दोन वर्षं मोडली तर ती कायमची बंद.

म्हणून कौल लावला होता. सोनू गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डांबरी रस्त्याने बत्तीस किलोमीटरचा वळसा घालून टेम्पोने न्यावं का? डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. सड्यावरूनच, पण दिगूच्या फटफटीवरून न्यावं का? उजवी पडली.

"आता देवान होय सांगल्यान," आबा मला म्हणाले. "तुमी फक्त तेका पाडू नकात म्हणजे झाला. तसो फटफटीक कमानपाटो लावलो असतो तर तुमची गरजच नाय होती. माझी एसटी तीस वर्सां कमानपाट्यावर चलली."

सोनू गुरव मात्र मला देवळाबाहेर गाठून म्हणाले, "मिस्त्रीनू, भेट बंद पडता कामा नये." एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. पंचेचाळीस वर्षं देवाची सेवा, बायको दिवाळीत गेलेली, गुडघ्यांमुळे यंदापासून सडा चढणं बंद. एकुलती एक मुलगी सातवणात दिलेली. "दिलेली" असं दिगू म्हणाला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे तीच गेली. भेटीच्याच दिवशी तिने आपला नवरा पसंत केला. अकरा वर्षं झाली, बापलेक बोलत नाहीत." मला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. मला फक्त वजन पाहिजे होतं.

मग मी तोडगा काढला. वजन करायचंच नाही. देव गाडीवर बसवायचा, पुढे दिगू बसवायचा आणि गाडीची शेपटी किती खाली बसते ते टेपने मोजायचं. या गाडीला ती साठ मिलिमीटर बसायला हवी. जास्त बसली तर प्रत्येक दगडाला बूड आपटेल, कमी बसली तर गाडी मागच्याला उडवून देईल. शेपटी फार बसली की स्प्रिंगवरचा नट आवळायचा, कमी बसली तर सैल सोडायचा. साधं काम.

"म्हणजे ता वजनच झाला मा!" एक म्हातारे म्हणाले.

"वजन देवाचा नाय, फटफटीचा," दुसरे म्हणाले.

"फटफटी बसता ती देवामुळे."

"ताणपट्टी देवाक लागता काय? लागना नाय. मगे?"

यावर दीड तास गेला. शेवटी कौल लावला. उजवी पाकळी. गाडी मोजायला परवानगी, फक्त टेप देवाच्या पेटीला शिवता कामा नये.

देवासाठी शिसवी पेटी नवी करून घेतली होती. वर मुखवटा, त्याला शालू गुंडाळलेला, खाली चौरंगासारखी पोकळ बैठक. सोनू गुरव आणि दिगूने ती धरून आणली, मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळली, दिगू पुढे बसला आणि मी वाकून टेप धरली. नट थोडा फिरवला. बरोबर साठ.

"बसला!" मी म्हणालो, आणि लोकांनी हात जोडले.

खरं तर मी तेव्हाच कोल्हापूरला सुटायला हवं होतं. पण क्लिक राहिले होते. शॉकअपला एक स्क्रू असतो. तो टिकटिक करत फिरतो आणि दगडावरून दबलेली गाडी किती चटकन वर यावी ते ठरवतो. मी अकरा क्लिक ठेवले. गुरुवारी दुपारी दिगूने पेटीच्या जागी तेवढंच बसणारं तांदळाचं पोतं बांधून सड्यावर फेरी मारली. अकरा झकास होते.

"देवाक इचारला काय?" आबांनी विचारलं.

"क्लिक? देवाला?"

"बसतलो तो. तेका नको इचारूक?"

पुन्हा पाकळ्या. अकरा? डावी. दहा? डावी. नऊ? उजवी. सोनू गुरव डोळे मिटून शांत उभे होते. मी चिडलो. नऊ म्हणजे गाडी हळू वर येणार. त्या ओझ्याला ते उगाच जडशीळ. पण गाव देवाचं, गाडी दिगूची आणि जेवण आबांच्या घरी. मी नऊ केले.

आणखी एक घोळ निघाला. देव बहिणीच्या भेटीला चाललाय आणि वाटभर त्याला दिगूची पाठ बघावी लागणार, हे काही शोभणारं नव्हतं. देवाला उलटं बसवलं तर बहिणीकडे पाठ होते. त्यावर एका बाईने उपाय सुचवला. सातवणच्या डोंगरजाईचा फ्रेममधला फोटो दिगूच्या जॅकेटला मागून शिवून टाकायचा, म्हणजे वाटभर देव बहिणीकडेच बघणार. फोटो शिवला. देवाला धरणाऱ्याच्या पायात चामडं चालत नाही म्हणून दिगूचे शर्यतीचे बूट गेले आणि भातलावणीचे रबरी गमबूट आले. मला शेपटीशी मतलब.

शुक्रवारी सकाळी सहज म्हणून पुन्हा मोजलं. अडुसष्ट.

मी टेप उलटी धरली की काय बघितलं. दिगूला विचारलं, "काय खाल्लंस रे काल?"

"पेज."

नट आवळून साठ केले. पण बातमी फुटली. देव जड झाला! आबा तडक आले. देव जड होतो तो रागावला की, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग राग कशाचा यावर चर्चा. वरची वाडी म्हणाली खालच्या वाडीने पाण्याची मोटर दोन दिवस दिली नाही म्हणून. खालची वाडी म्हणाली, वरच्या वाडीची कोंबडी देवळात शिरली म्हणून. शेवटी आबांनी माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्रीनू, काल सकाळी तुमी काय खाल्लास?"

"तुमच्याच घरी. पोळी."

"आणि?"

"ऑम्लेट," मी म्हणालो.

ठरलं. संध्याकाळी अख्ख्या गावाने जमून गाऱ्हाणं घालायचं. उन्हं कलताना दोन्ही वाड्यांतली माणसं, बायाबापड्या, पदराखाली काहीबाही नैवेद्य घेऊन देवळात आली. एकेक जण आत जाऊन, देवाच्या पेटीपुढे वाकून, बराच वेळ वाकलेलाच राहून बाहेर येत होता. सोनू गुरव पेटीजवळ पाठमोरे बसून समईची वात सारखी करत होते. मला वाटलं, काय भक्ती आहे! मग आबा परबांनी एसटीच्या हॉर्नसारख्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"आज जो ह्यो कोल्लापूरचो मिस्त्री तुझ्या फटफटीच्या शाकपाक हात घालता हा…"

"होय म्हाराजा!"

"तेच्याकडसून अंडा-बिंडा खावन काय चूकमाक झाली आसात, ती पोटात घाल…"

"होय म्हाराजा!"

"आणि जड झालेलो देह हलको करून, दिगूच्या पाठीर सुखरूप बसान, भैनीच्या घराक जा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

अंडं पोटात घेऊन मीही ओरडलो. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

शनिवारी सकाळी मोजलं. चौऱ्याहत्तर.

आबांचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हणालं, गाऱ्हाण्यात शेजारच्या गावाच्या देवाचं नाव घ्यायचं राहिलं. दुपारी पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा अख्खं गाव, पुन्हा पदराखाली नैवेद्य, पुन्हा वाकणं. मी आवळून साठ केले होते, ते गाऱ्हाण्यानंतर एकोणसत्तर झाले. म्हणजे गाव जितकं विनवत होतं तितका देव जड होत होता. असला देव मी बघितला नव्हता. मी पुन्हा साठ केले तेव्हा नटाला पाचच आटे उरले होते. "आता आणखी गाऱ्हाणं नको," मी आबांना हात जोडून म्हणालो. "देवाला जरा एकटं सोडा."

"शेवटचा एक घालूया," आबा म्हणाले. "बायका ऱ्हवल्यात."

रविवारी, भेटीच्या दिवशी, पहाट फुटताना मी उरलेले पाचही आटे आवळले, पेटी चढवली, दिगू गमबूट घालून बसला आणि मी टेप धरली. त्र्याऐंशी. नट शेवटाला टेकला होता, पुढे फिरायला जागा नव्हती.

मी दिगूला उतरवलं, पेटी पुन्हा आत ठेवायला लावली आणि देवळाच्या पायरीवर बसलो. खरंच भीती वाटली. त्र्याऐंशीवर गाडी घळीत आपटणार, पट्टे तुटणार, देव पडणार आणि शंभर-दोनशे वर्षांची भेट माझ्या हातून बंद पडणार. लोक अजून यायचे होते. सोनू गुरवांनी दिगूला हार आणायला पिटाळलं आणि मला हाक मारली.

"मिस्त्रीनू, आत येवा. दार लोटा."

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेलो.

"पंचेचाळीस वर्सां कोणाक दाखवक नाय," ते म्हणाले. त्यांनी मुखवटा उचलून मांडीवर घेतला, नमस्कार केला आणि बैठकीवरचा शालू बाजूला केला.

आत पुड्याच पुड्या होत्या. वाळवलेल्या सोलांच्या, तिरफळांच्या, कुळथाच्या पिठीच्या. खोबरेल तेलाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, बाळंतिणीचे लाडू, एक मोबाइलचा चार्जर, शाळेचे बुटांचे दोन जोड, एक स्वेटर. प्रत्येकावर चिठ्ठी. "सातवण, संगीतास." "सातवण, बेबीक." "प्रमिलाचे सासूस कळू नये."

मी एकेक चिठ्ठी वाचत गेलो.

"ह्या गावची पोरगी सातवणातच देतत," गुरव म्हणाले. "एक्केचाळीस चेडवां आसत थय. देवाच्या पालखीत देवाशिवाय काय घालूचा नसता. पण मायबाप येतत, वाकतत आणि ठेवतत. देवाच्या मांडयेवरसून गेल्याला चेडवाक लाभता म्हणान. मी पाठ करतंय. मगे थय गेल्यार गुपचूप एकेकीक देवचा. प्रत्येकाक वाटता, आपणच एकटो ठेवता."

"म्हणजे देव जड होतो तो…"

"तेच्या मनात आसात तसो," गुरव म्हणाले. हसले नाहीत.

मला एकदम सगळं आठवलं. गाऱ्हाण्याला पदराखालून आलेला नैवेद्य, ते वेळ लावून वाकणं. जितकी गाऱ्हाणी तितक्या फेऱ्या, जितक्या फेऱ्या तितक्या पुड्या. नऊ क्लिकही आठवले. जड ओझ्याला गाडी हळूच वर यावी लागते. पाकळ्या चिकटवणाऱ्याला ओझं ठाऊक होतं, मला नव्हतं.

"आणि ही?" मी एक भलीमोठी लोणच्याची बरणी उचलली. चिठ्ठीवर एसटीच्या जुन्या लॉगशीटच्या अक्षरात लिहिलं होतं, "सातवण, आमच्या कुंदाक. आबा."

"तेचीच सगळ्यात जड," गुरव म्हणाले.

मी सांगितलं की निदान चार-पाच किलो काढायलाच हवेत. नट संपला. कुणाचं काढायचं ते तुम्ही ठरवा. ते पुड्यांकडे बघत बसले. एक उचलायचे, चिठ्ठी वाचायचे, परत ठेवायचे. मग त्यांनी अगदी तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. घावणे घालायचा लोखंडी तवा होता, जाड घडवलेला, दोन कानांचा. एका कानाला तांब्याचा रिवेट मारलेला.

"ह्यो काढा. हेच्यार चिठ्ठी नाय."

"कुणाचा?"

"माझो. म्हणजे माझ्या चेडवाच्या आवशीचो." त्यांनी रिवेटवर अंगठा फिरवला. "अकरा वर्सां मी देवाच्या मांडयेवरसून सगळ्यांच्या पोरींका सामान दिलंय. माझी शेवंती सगळ्यांच्या मागे उभी ऱ्हवायची. रिकाम्या हातान जायची. मी कधी काय ठेवूक नाय. औंदा आवस गेली, म्हणान ठेवलंय. ऱ्हवांदे. एक्केचाळीस जणींचा जावंदे."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. थोडा त्यांचा, थोडा स्प्रिंगचा. एवढ्या लोणच्यापायी या माणसाचा तवा राहणार म्हणजे काय? मी तवा हातात घेतला. साडेतीन-चार किलो सहज. तो घेऊन बाहेर गाडीपाशी आलो, खाली बसलो आणि तेव्हा दिसलं. दिगूच्या गाडीच्या इंजिनाखाली काहीच नव्हतं. शर्यतीच्या गाडीला तिथे दगडांपासून बचावाला जाड पत्रा लावतात. दिगूचा तो मागच्या मोसमात फाटला होता आणि आम्ही देवाच्या नादात विसरलो होतो.

"काका!" मी ओरडलो. "तवा जाणार!"

दोन्ही कानांतून तार ओवली, ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या आणि तवा इंजिनाखाली पालथा बसवला. ते वजन आता मागच्या शॉकअपवर नव्हतं, दोन्ही चाकांच्या मधे होतं. मागचा हत्यारांचा डबाही काढून मी माझ्या गाडीवर घेतला. दिगू आला, बसला. सहासष्ट. चालतंय की.

गुरव वाकून बघत होते. "तुटाचो नाय मा?"

"बिडाचा असता तर पहिल्या दगडाला दोन तुकडे. हा घडवलेला आहे. फार तर पोक येईल."

"पोक येवंदे," ते म्हणाले.

आठ वाजता ढोल वाजले आणि देव निघाला. पुढे गमबुटातला दिगू, त्याच्या पाठीवर डोंगरजाई, मागे पेटीत माळनाथ, आणि त्यामागे माझ्या गाडीवर हत्यारं घेऊन मी. कातळावर दिगू पायांवर उभा राहून, पहिल्या-दुसऱ्या गिअरात, प्रत्येक भोक, प्रत्येक सुळका बघून चालवत होता. मी मागून फक्त चाक बघत होतो. चाक दगडावर चढायचं, दबायचं, सावकाश परत यायचं. पेटी जागची हलत नव्हती. नऊ क्लिक. अकरा असते तर देवाने उसळी मारली असती, हे मी आज कबूल करतो. तेव्हा कुणापाशी केलं नव्हतं.

घळीत मात्र, आदल्या वर्षी पालखी पडली तिथेच, पुढचं चाक घसरलं. गाडी बुडावर आदळली. असा ठण्णकन आवाज झाला की तो पलीकडच्या टेकडीवरून परत आला. दिगूने एक गमबूट दगडावर टेकला, गाडी सावरली आणि वर काढली. मी धावत जाऊन खाली वाकलो. इंजिन शाबूत, तव्याला मधोमध खळगा.

"देवाची घंटा वाजली काय हो?" दिगूने विचारलं. त्याला तव्याचं माहीत नव्हतं.

"वाजली," मी म्हणालो. "पळव."

नऊला दहा मिनिटं असताना आम्ही सातवणला पोचलो. कातळ अजून पायाला सोसत होता. भावा-बहिणीची भेट झाली, मुखवट्याला मुखवटा लावला, बायका रडल्या. गुलालाच्या गडबडीत तिथल्या गुरवाने पेटी आत नेली आणि मागच्या दाराने एकेक बाई पदराखाली काही घेऊन बाहेर पडू लागली. प्रत्येकीचा चेहरा असा की, बाकी कुणाला ठाऊक नाही.

शेवंती कोण ते मला विचारावं लागलं नाही. सगळ्यांच्या मागे एक उंच बाई रिकाम्या हातांनी उभी होती. बापाचीच हाडं. मी तारा कापल्या, तवा काढला आणि ऑइल, माती, कातळाची तांबडी पूड यासकट तिच्यापुढे धरला.

"ह्यो काय?" ती म्हणाली. मग तिचं बोट रिवेटवर गेलं. "आवशीचो तवो. ह्यो तुमच्या फटफटीखाली कसो?"

"तुमच्या वडलांनी पाठवला. पेटीत जागा नव्हती."

"काय सांगल्यान बापाशीन?"

मी आठवून बघितलं. "काहीच नाही."

"मगे तेनीच धाडल्यान," ती म्हणाली. पदराने तिने तवा पुसला, पदराचं वाटोळं झालं, आणि खळग्यात बोट फिरवत ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मला अशा वेळी काय करावं कळत नाही. मी माझ्या गाडीची चेन तपासत बसलो.

परतीचा हिशेब मी हुशारीने केला होता. जाताना पुड्या, येताना रिकामी पेटी. म्हणून संध्याकाळीच नट भरपूर सैल सोडला, क्लिक अकरा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी देव बसवला आणि टेप लावली. एकशे दोन.

मी तिथल्या गुरवाकडे बघितलं. तो पाठ करून समईची वात सारखी करत होता.

नट पुन्हा शेवटपर्यंत आवळला, क्लिक मुकाट नऊ केले. तरी शेपटी अठ्ठ्याऐंशीपर्यंत बसलेली. दिगूने ती सात किलोमीटर दीड तासात, एकेक दगड मोजत आणली. इंजिनाखाली आता काही नव्हतं, म्हणून घळीत आम्ही दोघांनी गाडी धरून उतरवली. आंबेखोलच्या वेशीवर गाव उभं होतं. गाडी दिसली तशी माणसं ओरडली आणि जवळ आली तशी दोन पावलं मागे सरली. शेपटी जवळजवळ चाकाला टेकलेली सगळ्यांना दिसत होती.

"जड झालो!" आबा परब म्हणाले. "भैनीकडसून येवन देव जड झालो! रागावलो! आत्ताच्या आत्ता गाऱ्हाणा घालूक व्हया!"

सोनू गुरव काठी टेकत गाडीजवळ आले. त्यांनी शेपटीकडे बघितलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे. इतक्या दिवसांत त्यांनी मला आकडा एकदाही विचारला नव्हता.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

त्यांनी मान हलवली. "फुडल्या वर्साक जाड स्प्रिंग घेवन येवा," ते म्हणाले. तेव्हापासून दर चैत्रात मी जातो. आता तिसरी स्प्रिंग चालू आहे.

बाहेर आबांनी गाव जमवलं. आम्ही पेटी आत नेली, दिगू गाडीपाशी परत गेला आणि मी दार लोटलं. गुरवांनी मुखवटा जागेवर बसवला, शालू उचलला. काजूगर, फणसाची साटं, हळदीची पानं, चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. अगदी वर, केळीच्या पानात बांधलेली एक पुरचुंडी होती. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

त्यांनी ती सोडली. आत पाच घावणे होते, गार झालेले, कडेला जाळीदार आणि मधे, तव्याला खळगा पडला होता बरोबर तिथे, पीठ साठून जाड झालेले.

"बा देवा म्हाराजा!" बाहेर आबा सुरू झाले.

"होय म्हाराजा!"

गुरव तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी एक घावणा घेतला, कडेची जाळी मोडून मला दिली, आणखी एक तुकडा दिगूसाठी काढून ठेवला. मधला जाड भाग मात्र त्यांनी कुणालाच दिला नाही.